प्रार्थना सुरू, मोबाइलही सुरू!

व्हॅटिकनमधील सेंट पीटर्स चौकाची दोन छायाचित्रे मार्च २०१३ मध्ये जगभर फिरली. पहिले छायाचित्र २००५ सालचे होते. त्यात दाटीवाटीने उभा असलेला जनसमुदाय दिसतो आणि एखाद्याच हातात मोबाइल दिसतो. दुसरे १३ मार्च २०१३ चे, म्हणजे पोप फ्रान्सिस यांची निवड झाली त्या रात्रीचे. त्यात माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा उजळलेले पडदेच अधिक नजरेत भरतात. अवघ्या आठ वर्षांत भाविक किती बदलले, असा निष्कर्ष त्यावरून सर्रास काढला गेला. ही तुलना तितकीशी न्याय्य नव्हती. पहिल्या छायाचित्रात पोप जॉन पॉल दुसरे यांचे पार्थिव नेले जात होते, तर दुसऱ्यात नव्या पोपच्या स्वागताचा आनंद होता. तरीही ती दोन छायाचित्रे लोकांच्या मनात घर करून राहिली, कारण त्यांनी एका खऱ्या अस्वस्थतेवर बोट ठेवले होते. देवाच्या दारी आलेल्या माणसाच्या हातात मोबाइल असावा का, आणि असल्यास तो त्याने कशासाठी वापरावा?

ख्रिस्ती उपासनेच्या वेळी होणाऱ्या समाजमाध्यमांच्या वापरात अनेक गोष्टी मोडतात. प्रवचन ऐकता ऐकता त्यातील एखादा विचार ट्विटरवर (जुलै २०२३ पासून 'एक्स') टाकणे, आपण चर्चमध्ये असल्याचे फेसबुकवर कळवणे, स्नानसंस्काराची छायाचित्रे तिथल्या तिथे व्हॉट्सॲपवर पाठवणे, श्रोत्यांचे प्रश्न मोबाइलवरून मागवून पाळकाने त्यांना व्यासपीठावरूनच उत्तर देणे आणि संपूर्ण उपासना यूट्यूबवरून थेट दाखवणे, या सर्वांचा त्यात समावेश होतो. वरवर पाहता हा शिष्टाचाराचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे उपासना म्हणजे नेमके काय आणि तेथे 'हजर असणे' कशाला म्हणायचे, हा मूलभूत प्रश्न आहे. वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांनी त्याला वेगवेगळी उत्तरे दिली आहेत.

वाद जुना, यंत्र नवे

उपासनेत यंत्र शिरले की वाद होतो, हा अनुभव मोबाइलच्या कितीतरी आधीचा आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराच्या 'केडीकेए' या नभोवाणी केंद्राने २ जानेवारी १९२१ रोजी तेथील कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधून उपासना प्रक्षेपित केली. नभोवाणीवरून प्रसारित झालेली ती पहिली चर्च-उपासना मानली जाते. केंद्र सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. यंत्रे सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांकडे उपासकांचे लक्ष जाऊ नये म्हणून त्यांना गायकवृंदाचे झगे घालण्यात आले होते. यंत्र हवे, पण ते दिसू नये, ही अपेक्षा त्या पहिल्या दिवसापासूनची आहे.

इंग्लंडमध्ये दोनच वर्षांनी याच्या उलट घडले. ड्यूक ऑफ यॉर्क (पुढे राजे सहावे जॉर्ज) यांचा विवाह २६ एप्रिल १९२३ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत झाला. तो नभोवाणीवरून ऐकवण्याचा बीबीसीचा प्रस्ताव चर्चच्या धुरिणांनी नाकारला. मद्यालयात बसलेली माणसे डोक्यावरची टोपीही न काढता हा पवित्र विधी ऐकतील, अशी भीती त्यामागे होती असे सांगितले जाते. ही भीती आज हास्यास्पद वाटेल, पण तिच्यातील शंका अद्याप जिवंत आहे. पवित्र विधी पाहणारा वा ऐकणारा माणूस कोणत्या स्थितीत, कोणत्या मनःस्थितीत आहे, यावर चर्चचे नियंत्रण राहत नाही. त्याच ॲबीतील राजघराण्याचा विवाह २९ एप्रिल २०११ रोजी यूट्यूबवरून जगभर थेट दाखवण्यात आला.

मधल्या काळात एक तडजोड रूढ झाली होती. २ जून १९५३ रोजी राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांचा राज्याभिषेक दूरचित्रवाणीवर दाखवण्यात आला, पण पवित्र तेलाने अभिषेक करण्याचा क्षण कॅमेऱ्यापासून झाकून ठेवण्यात आला. ६ मे २०२३ रोजी राजे चार्ल्स तिसरे यांच्या वेळीही तो पडद्याआडच राहिला. सोहळा सर्वांचा, पण त्याच्या गाभ्याचा क्षण कॅमेऱ्याचा नाही, ही सीमारेषा सत्तर वर्षांनीही पुसली गेली नाही.

कॅथलिक चर्चनेही प्रसारमाध्यमांकडे पाठ फिरवली नव्हती. व्हॅटिकनचे नभोवाणी केंद्र १२ फेब्रुवारी १९३१ रोजी सुरू झाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा आणि प्रसारमाध्यमांविषयीचा असे दोन दस्तऐवज एकाच दिवशी प्रसिद्ध केले. नभोवाणी व दूरचित्रवाणीवरून उपासना प्रसारित करताना विवेक आणि गांभीर्य राखावे, असे उपासनेविषयीच्या दस्तऐवजात सांगितले आहे.

जॅमरपासून ट्विटपर्यंत

मोबाइल हाती आला तेव्हा चर्चची पहिली प्रतिक्रिया बंदीची होती. ऐन प्रार्थनेत वाजणाऱ्या रिंगटोनला कंटाळून मेक्सिकोतील मॉन्टेरे शहरातल्या काही कॅथलिक चर्चनी इस्रायली बनावटीचे जॅमर बसवल्याची बातमी २००४ साली गाजली होती. भारतात हा मार्ग उपलब्ध नाही. सरकारच्या परवानगीशिवाय जॅमर बसवणे येथे बेकायदा आहे.

अवघ्या पाच वर्षांत चित्र पालटले. २००६ साली सुरू झालेले ट्विटर २००९ मध्ये अमेरिकेत घरोघरी पोहोचले होते. मिशिगन राज्यातील जॅक्सन येथील वेस्टविंड्स या चर्चने त्या वर्षी आपल्या सभासदांना ट्विटर वापरण्याचे प्रशिक्षण दिले आणि उपासना सुरू असताना ट्विट करण्याची मुभा दिली. हे संदेश सभागृहातील मोठ्या पडद्यांवर झळकत. मनात आलेली शंका, आवडलेला विचार, एखाद्याचे दुःख, सारे काही प्रवचनाच्या ओघातच सर्वांसमोर येऊ लागले. आजवर गप्प बसून ऐकणारा श्रोता बोलू लागला, असे या प्रयोगाच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे होते. टीकाकारांचा प्रश्न साधा होता : सगळेच लिहीत असतील, तर ऐकतो कोण?

त्याच वर्षी, १० एप्रिल २००९ रोजी, गुड फ्रायडेच्या दुपारी न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवरील ट्रिनिटी चर्चने येशूच्या दुःखसहनाची कथा तीन तास ट्विटरवरून सांगितली. कथेतील पात्रे जणू स्वतःच छोटे छोटे संदेश पाठवत होती. कार्यालयात अडकलेल्या माणसालाही ती कथा आपल्या पडद्यावर वाचता येत होती. दोन प्रयोगांत एक महत्त्वाचा फरक होता. पहिल्यात चर्चमध्ये बसलेल्यांच्या हातात मोबाइल देण्यात आला, दुसऱ्यात चर्चपर्यंत येऊ न शकलेल्यांपर्यंत उपासना नेण्यात आली. या विषयावरील बहुतेक चर्चांत या दोन गोष्टींची गल्लत होते.

खिशातले पवित्र शास्त्र

मोबाइलबंदी खऱ्या अर्थाने अशक्य केली ती मात्र बायबलनेच. ओक्लाहोमा राज्यातील 'लाइफ चर्च' या संस्थेने २००६ साली इंटरनेटवर उपासना सुरू केली होती. जुलै २००८ मध्ये ॲपल कंपनीने आयफोनसाठी ॲप स्टोअर उघडले, तेव्हा पहिल्याच दिवशी उपलब्ध झालेल्या ॲपमध्ये या चर्चचे 'यूव्हर्जन' हे बायबल ॲप होते. २०२१ साली त्याने ५० कोटी डाउनलोडचा टप्पा ओलांडला. मराठी पवित्र शास्त्रही त्यावर वाचता येते. वचन शोधणे, ते अधोरेखित करणे, प्रवचनाची टिपणे काढणे आणि आवडलेले वचन मित्रांना पाठवणे या सगळ्या सोयी एकाच ठिकाणी आहेत.

त्यामुळे पाळकांपुढे एक नवीच अडचण उभी राहिली. समोर मान खाली घालून बसलेला तरुण योहानाचे शुभवर्तमान वाचतो आहे की क्रिकेटचा धावफलक पाहतो आहे, हे व्यासपीठावरून ओळखता येत नाही. त्या तरुणाची दोन्ही कामे अनेकदा एकापाठोपाठ एक चाललेली असतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एकाच वेळी अनेक माध्यमे हाताळण्याची सवय असलेल्या व्यक्ती अनावश्यक माहिती बाजूला सारण्यात इतरांपेक्षा कमी पडत असल्याचे आढळले. छापील बायबल उघडले की त्यात बायबलच असते. मोबाइल उघडला की त्यात सारे जग असते.

प्रवचनाचा पंथ, वेदीचा पंथ

मोबाइलविषयीची भूमिका पंथागणिक बदलते, त्याचे कारण उपासनेच्या रचनेत आहे. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत, विशेषतः इव्हँजेलिकल परंपरेत, वचनाचे वाचन आणि त्यावरील प्रवचन हा उपासनेचा केंद्रबिंदू असतो. प्रवचन ऐकता येते, टिपता येते आणि इतरांना सांगताही येते. किंबहुना ते इतरांना सांगणे हेच अनुयायांचे कर्तव्य मानले जाते. त्यामुळे तेथे ट्विटला जागा मिळाली.

कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरेत केंद्रस्थानी वेदी आहे. भाकर आणि द्राक्षारस यांचे पवित्रीकरण व ख्रिस्तप्रसादाचे सेवन हा मिस्साचा गाभा आहे. ही कृती आहे, माहिती नव्हे. ती कळवता येत नाही, तिच्यात सामील व्हावे लागते. इंटरनेटवर संस्कार होऊ शकत नाहीत, हे व्हॅटिकनने २००२ साली 'चर्च आणि इंटरनेट' या दस्तऐवजात स्पष्ट केले. पापनिवेदनाच्या तयारीसाठी मदत करणारे एक ॲप २०११ साली अमेरिकेत आले आणि त्याला स्थानिक बिशपांची मान्यताही मिळाली. त्या वेळी हे ॲप धर्मगुरूसमोरील पापनिवेदनाची जागा घेऊ शकत नाही, असा खुलासा व्हॅटिकनच्या प्रवक्त्यांना करावा लागला. न्यूझीलंडच्या कॅथलिक बिशपांनी तर २०१२ साली धर्मगुरूंना वेदीवर आयपॅडवरून मिस्साच्या प्रार्थना वाचण्यास मनाई केली. जे उपकरण खेळ आणि पत्रव्यवहारासाठीही वापरले जाते, ते उपासनेसाठी राखून ठेवलेल्या ग्रंथाची जागा घेऊ शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

याचा अर्थ कॅथलिक चर्च समाजमाध्यमांच्या विरोधात आहे असा नव्हे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी १२ डिसेंबर २०१२ रोजी ट्विटरवरील आपल्या खात्यावरून पहिला संदेश पाठवला. २०१३ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाचा संदेशही त्यांनी समाजमाध्यमांवरच दिला होता आणि त्यांना सुवार्ताप्रसाराची नवी क्षेत्रे म्हटले होते. त्यांचे उत्तराधिकारी पोप फ्रान्सिस लोकांसोबत सेल्फी काढू देत. मात्र त्याच पोप फ्रान्सिस यांनी ८ नोव्हेंबर २०१७ च्या सार्वजनिक भेटीत मिस्साच्या वेळी उंचावणाऱ्या मोबाइलबद्दल खंत व्यक्त केली. धर्मगुरू अंतःकरणे उंच करण्यास सांगतात, मोबाइल नव्हे, असे त्यांनी सुनावले आणि यात केवळ भाविक नव्हे तर काही धर्मगुरू व बिशपही असतात, हे सांगायला ते विसरले नाहीत.

टाळेबंदीची कसोटी

२०२० च्या मार्च महिन्यात हा सारा वाद एका रात्रीत उलटापालटा झाला. कोरोनाच्या साथीमुळे चर्चची दारे बंद झाली आणि काल जे यंत्र बाहेर ठेवायचे होते, त्याच्यावाचून उपासनाच होईना. २७ मार्च २०२० रोजी पोप फ्रान्सिस यांनी पावसात भिजलेल्या, निर्मनुष्य सेंट पीटर्स चौकातून प्रार्थना केली. सात वर्षांपूर्वी ज्या चौकात हजारो पडदे उजळले होते, तेथे त्या दिवशी एकही भाविक नव्हता. पडदे मात्र उजळलेलेच होते, आपापल्या घरी. त्या वर्षीच्या ईस्टरला, १२ एप्रिल रोजी, कँटरबरीचे तत्कालीन आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांची उपासना त्यांच्या लंडनच्या निवासस्थानातील स्वयंपाकघरातून लोकांपर्यंत पोहोचली.

महाराष्ट्रातही मार्च २०२० पासून प्रार्थनास्थळे बंद झाली. ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा खुली झाली. या काळात मुंबई, वसई आणि गोव्यातील अनेक धर्मग्रामांनी यूट्यूब आणि फेसबुकवरून मिस्सा दाखवण्यास सुरुवात केली. वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा २०२० साली भरली नाही. डोंगरावर रांगा लावणाऱ्या भाविकांना त्या सप्टेंबरमध्ये मिस्सा पडद्यावर पाहावी लागली. ज्यांना अंथरुणावरून उठता येत नव्हते, ज्यांची मुले आखाती देशांत किंवा इंग्लंडमध्ये अडकली होती, त्यांच्यासाठी तो आधार होता. आप्ताच्या अंत्यविधीला मोबाइलवरूनच हजर राहण्याची वेळ कित्येक कुटुंबांवर आली. त्यांच्यापुढे 'प्रार्थनेत मोबाइल नको' हे वाक्य उच्चारण्याचे धाडस कोणी केले नसते.

साथ ओसरल्यावर प्रश्न पुन्हा जागेवर आला. व्हॅटिकनच्या उपासनाविषयक विभागाने सप्टेंबर २०२० मध्येच एक पत्र प्रसिद्ध करून, कोणतेही प्रक्षेपण प्रत्यक्ष सहभागाची बरोबरी करू शकत नाही, असे बजावले होते. मे २०२३ मध्ये संपर्कमाध्यम विभागाने समाजमाध्यमांवर सविस्तर मार्गदर्शन प्रसिद्ध केले. पडद्यातून एकत्र जेवता येत नाही, हा त्यातील दाखला बोलका आहे. ज्या भाविकाला येणे शक्य आहे, पण घरी चहाचा कप हातात घेऊन मिस्सा पाहणे सोयीचे वाटते, त्याच्यासाठी हा इशारा आहे. ज्याला येणेच शक्य नाही त्याच्यासाठी नाही.

दुसऱ्याचे अश्रू, दुसऱ्याचे नाव

या चर्चेत एकाग्रतेचा मुद्दा पुष्कळदा येतो. त्याहून गंभीर असलेला खासगीपणाचा मुद्दा मात्र मागे पडतो. लहानशा मंडळीत विनवण्यांच्या वेळी आजाऱ्यांची नावे घेतली जातात. कोणाचे ऑपरेशन आहे, कोणाची नोकरी गेली, कोणाच्या घरात कलह आहे, हे साठ-सत्तर माणसांच्या विश्वासाच्या वर्तुळात सांगितलेले असते. तीच विनवणी थेट प्रक्षेपणात गेली की ती त्या मंडळीची राहत नाही. ती कोणालाही, कधीही ऐकता येते आणि तिची प्रत काढता येते. प्रार्थना करताना रडणाऱ्या स्त्रीचे छायाचित्र 'भावपूर्ण' म्हणून चर्चच्या पानावर टाकणाऱ्याने तिची परवानगी घेतलेली असतेच असे नाही. घरच्यांना न सांगता उपासनेला येणारी, त्रास देणाऱ्यापासून लपून राहणारी किंवा ज्यांच्या चर्चमध्ये जाण्याला घरातून वा गावातून विरोध आहे अशी माणसेही त्या बाकांवर बसलेली असतात. एका छायाचित्राची किंमत त्यांना मोजावी लागू शकते.

मुलांच्या बाबतीत ही जबाबदारी अधिक आहे. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी पांढऱ्या पोशाखातील मुलांची छायाचित्रे नावांसह समाजमाध्यमांवर येतात. आनंद समजण्याजोगा आहे, पण आपल्या मुलाबरोबर शेजारच्याचे मूलही त्यात असते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानून त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व स्वीकारले आहे. चर्च ऑफ इंग्लंडने २०१९ साली समाजमाध्यमांसाठी सनद आणि मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांतही सत्य, सौजन्य आणि सुरक्षितता यांवर भर आहे.

गीतांचा प्रश्नही आहेच. अमेरिकेच्या स्वामित्व हक्क कायद्यात प्रार्थनास्थळातील उपासनेत गीत गाण्यास सूट आहे, पण ती सूट इंटरनेटवरील प्रक्षेपणाला लागू होत नाही. त्यासाठी तेथील चर्च वेगळा परवाना घेतात. यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा स्वामित्व हक्क असलेले संगीत ओळखते, त्यामुळे ऐन उपासनेत प्रक्षेपणात अडथळा येण्याचा अनुभव अनेकांना आला आहे.

दुसऱ्या टोकाला सरकारी बंदी आहे. चीनमध्ये १ मार्च २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार उपासना, बाप्तिस्मा यांसारखे धार्मिक विधी इंटरनेटवरून थेट दाखवण्यास मनाई आहे. शब्द, छायाचित्र, ध्वनी आणि चित्रफीत या सर्वांना ती लागू आहे. उपासनेत मोबाइल असावा की नसावा हे मंडळीने ठरवणे वेगळे आणि सरकारने ठरवणे वेगळे, हे त्यावरून ध्यानात येते.

रूढ होत असलेले संकेत

अनुभवातून काही संकेत आता अनेक ठिकाणी स्थिरावले आहेत. उपासना सुरू होण्यापूर्वी मोबाइल शांत ठेवण्याची सूचना दिली जाते. छायाचित्रणाचे काम नेमलेल्या एक-दोन व्यक्तींकडे असते आणि त्यांनी वेदीजवळ जायचे नाही, असे आधीच ठरते. कॅमेरा वेदीकडे वा व्यासपीठाकडे रोखलेला असतो, बाकांकडे नाही. प्रक्षेपण कोणत्या बाजूला दिसते हे सांगणारा फलक दाराशी लावला जातो, म्हणजे ज्याला दिसायचे नाही त्याला दुसरीकडे बसता येते. आजाऱ्यांची नावे घेताना ध्वनी बंद ठेवला जातो किंवा केवळ पहिले नाव घेतले जाते. विवाहात नवदांपत्यच पाहुण्यांना विधी संपेपर्यंत मोबाइल खाली ठेवण्याची विनंती करते. मोबाइलवर बायबल वाचणाऱ्यांनी इंटरनेट बंद ठेवून वाचावे, असे काही पाळक सुचवतात.

या संकेतांकडे एकत्र पाहिले तर त्यांत १९२१ च्या पिट्सबर्गमधील झगेही दिसतात आणि १९५३ च्या वेस्टमिन्स्टरमधील आडपडदाही. यंत्र लक्ष वेधून घेणार नाही आणि गाभ्याच्या क्षणी ते मागे हटेल, ही दोन तत्त्वे नभोवाणीला लागू पडली, दूरचित्रवाणीला लागू पडली आणि मोबाइललाही लागू पडत आहेत. ट्विट पडद्यावर झळकवणाऱ्या मंडळीतही प्रभुभोजनाच्या वेळी भाकर हातात घ्यायची, तर मोबाइल खाली ठेवावाच लागतो. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेच्या उशाशी मात्र तोच मोबाइल, तीच मिस्सा ऐकवत, दर रविवारी सुरू असतो.